सत्तावीस नंबरचं मोकळं पान

इल्फर्ड, १२ मे २०२५

आत्या,

हे पत्र मी एकोणीस महिने टाळलं. पहिले सहा महिने तुझा पत्ता नाही म्हणून (खोटं, पत्ता मला पिनकोडसकट पाठ आहे), पुढचे सहा महिने कामाची धावपळ म्हणून, आणि उरलेले तिसरं कारण शोधण्यात गेले. व्हॉट्सअ‍ॅपवर तू मला ब्लॉक केलंस ते एका परीने बरंच झालं. तिथे मी 'सॉरी आत्या' लिहून एक रडका चेहरा टाकला असता आणि सुटलो असतो. कागदावरही रडका चेहरा काढता येतो, पण फार बावळट दिसतो. काढून पाहिला.

तर, वही माझ्याकडे आहे.

अगदी सुखरूप. तू गुंडाळलेल्या त्याच निळ्या फडक्यात, वरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या. नाशिकहून निघताना चुकून माझ्या बॅगेत आली.

मी सध्या लंडनच्या टोकाला, इल्फर्डला नंदूकडे राहतो. नंदू जळगावचा. त्याची व्हॅन आहे, लोकांचं घरसामान हलवतो. मी त्याचा पार्टनर, म्हणजे सोफ्याचं जड टोक माझं. परवा एका पटेलकाकूंचं कपाट तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. जिन्याच्या वळणावर ते असं अडकलं की ना वर जाईना, ना खाली. काकू वरून 'गणपती बोलो, गणपती' म्हणत होत्या. शेवटी मी दार बिजागरीतून काढलं, कपाट तिरकं केलं, सुटलं. नंदू म्हणाला, "कुश्या, तू इंजिनिअरिंग सोडलंस की इंजिनिअरिंगने तुला सोडलं?" कॉलेजच्या दीड वर्षात मी जे शिकलो नाही ते जिन्यात शिकलो, एवढं खरं. असो, भरकटलो.

सांगायचं ते हे. गेल्या आठवड्यात सहज तुझ्या फ्रान्समधल्या शाळेचं नाव नेटवर टाकलं. ती बंद होतेय, आत्या. बंद म्हणजे आणखी दोन कॉलेजांत मिसळून मोठी युनिव्हर्सिटी होणार आणि दारावरची जुनी पाटी उतरणार. शेवटचा दिवस शनिवार, ४ ऑक्टोबर. त्या दिवशी सगळ्या वह्या एका काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. बत्तीसपैकी एकतीस जमल्या आहेत. यादीत खाली लिहिलंय: 'सत्तावीस, १९८६पासून बेपत्ता.'

तुला वाटेल, ह्याला काय कळतंय त्यातलं. घे परीक्षा. मी नाशिकला तुझ्याकडे राहिलो त्या तीन आठवड्यांत तू रोज संध्याकाळी ओट्याशी उभी राहून सांगितलेलं मी सगळं ऐकलंय, भाजी निवडत नव्हतो तेव्हासुद्धा.

शाळा १८७३ची. फ्रान्स जर्मनांशी लढाई हरला, सरहद्द सरकली आणि जुना कालवा अर्धा पलीकडे गेला. नवा खणायचा तर खणणारे होते, पण गणित येणारे नव्हते. एका कोळसेवाल्याच्या विधवेने नदीकाठचं गोदाम दिलं, त्यात शाळा भरली. मुलं बत्तीस, कारण गोदामात बाकं तेवढीच मावली. आजही बत्तीसच घेतात. पहिले प्राचार्य असे की त्यांनी कालव्यावर आयुष्यात बांधलेल्या सगळ्यात मोठ्या दरवाज्यात होडीच शिरेना. त्यांनी टोपीतून चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला नंबर दिला आणि प्रत्येक नंबराला एक वही. म्हणाले, "ज्ञान ग्रंथालयात आहे, ते पुढच्याला मिळेल. चूक मात्र माणूस सोबत घेऊन मरतो. ती लिहून द्या." एकाने एक पान. वर्षाची सगळ्यात मोठी चूक लिहायची, सही करायची, आणि पुढच्या तुकडीतल्या त्याच नंबरच्या हातात वही द्यायची. हातातच द्यायची, टेबलावर ठेवायची नाही.

किती मार्क?

सत्तावीस नंबरचं शेवटचं पान तुझं आहे, आणि ते मोकळं आहे. वहीचं काय करायचं ते सांग. मी काय करणार ते मी ठरवलंय, पण तू सांग.

तुझा कुश

रीडिंग, १५ जून

आत्या,

तुझं पाकीट मिळालं. आत एक ओळ: 'वही रजिस्टर पोस्टाने परत पाठवावी.' पाठवावी! मी काय तुझ्या पाटबंधारे खात्यातला ज्युनिअर इंजिनिअर आहे? पण अक्षर बघून बरं वाटलं. अजून तेच, प्रत्येक अक्षर फूटपट्टीला टेकवून काढल्यासारखं.

पोस्टाने पाठवणार नाही. दीडशे वर्षांत ती वही पोस्टात पडलेली नाही आणि पहिल्यांदा पाडणारा मी होणार नाही. हो, चोराच्या तोंडी नियम. मान्य. चोर म्हणतोय कारण 'चुकून बॅगेत आली' हे खरं नाही. तू आंघोळीला गेली होतीस. मी कपाट उघडलं, फडक्यासकट वही उचलली आणि स्वेटरच्या आत ठेवली. मला वाटलं, ही बाई चाळीस वर्षं हे नुसतं जपतेय, आपण कुठेतरी नेऊन काहीतरी करू. नेली, आणि काहीच केलं नाही. ती एकोणीस महिने माझ्या उशाशी होती.

आता बसून वाचली. मला फ्रेंच येत नाही, पण फोनचा कॅमेरा पानावर धरला की बरंचसं कळतं. पहिला सत्तावीस लिहितो की त्याने दरवाज्याची रुंदी वर मोजली, भिंती खाली आत येतात हे विसरला. पाणी उतरलं तशी नाव दोन भिंतींत अडकून बसली. 'नावाड्याने काय म्हटलं ते जागेअभावी लिहीत नाही.' माझ्या जिन्यातल्या कपाटासारखंच! मग एकजण बर्फाचा दाब धरायला विसरला. १९४०मध्ये प्राचार्यांनी बत्तीसही वह्या कोळशाच्या नावेत दडवल्या, म्हणून तिथली पानं काळी आहेत. त्या साली कागदाची चणचण होती, सत्तावीसने कुठल्याशा फॉर्मच्या पाठीवर लिहून तो चिकटवलाय. १९६८चा पोरगा अख्खं पान भांडलाय, की चूक व्यवस्थेची असते, माणसाची नसते. खाली त्याच अक्षरात, वेगळ्या शाईत: 'पान वाया घालवलं. हीच लिहा.'

आणि १९१४चं पान कोरं. त्याखाली १९१९च्या सत्तावीसने बारीक लिहिलंय: 'हा परत आला नाही. वही त्याच्या आईने आणून माझ्या हातात दिली. पान मोकळं राहील.'

आत्या, पूर्ण वहीत कोरी पानं दोनच. एक त्याचं, एक तुझं.

हे पान मी बाबांना दाखवलं. हो, रीडिंगला घरी आलोय. घर सोडल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी हवामानावर बोलतो. 'थंडी आहे.' 'हो, आहे.' रविवारी जेवणाच्या टेबलावर मी वही उघडून ठेवली. बाबांनी चष्मा वर केला.

"ही ताईची?"

"हो."

"तुझ्याकडे कशी?"

"ते सोडा. हे बघा, हे कोरं पान मेलेल्या मुलाचं. आणि हे आत्याचं."

त्यांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "लिहायचं होतं ना एक ओळ. दरवाजा फुटला, विषय संपला. एवढं काय मनाला लावून घ्यायचं."

आई आमटी वाढत होती. म्हणाली, "तुम्ही तेच बोललात तिच्या रिटायरमेंटला. माईकवर."

"अगं, गंमत केली होती."

"'आमच्या ताईने बांधलेलं पहिलं धरण तिच्याच पायावर फुटलं.' दोनशे माणसांसमोर. खात्याचे सेक्रेटरी बसले होते पहिल्या रांगेत. गंमत अशी माईकवर करतात?"

"सगळे हसले."

"ती हसली?"

बाबा उठले आणि बागेत जाऊन गवत कापायला लागले. ते गवत शनिवारीच कापलेलं होतं. सहा वर्षं झाली ना तू त्यांच्याशी बोलत नाहीस? त्या दिवशी मी कॉलेजात होतो, मला पहिल्यांदाच कळलं नेमकं काय झालं.

आता बातमी. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला मी मेल टाकली होती (इंग्रजीत, फार ऐटीत). उत्तर आलं. १९८७च्या तुकडीतला सत्तावीस, म्हणजे तू ज्याच्या हातात वही द्यायची होतीस तो, जिवंत आहे. त्याचं नाव लुक. तुला आठवत असणार. गेली वीस वर्षं तो ग्लासगोला राहतो.

नंदूला पुढच्या महिन्यात ग्लासगोचं एक सामान आहे. जड टोक मी धरणार.

कुश

ग्लासगो, २१ जुलै

आत्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

लुकच्या घरी आहे. इथे साठीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात, पण माझी जीभ वळत नाही, म्हणून मनात मी त्यांना लुककाका म्हणतो आणि तोंडावर काहीच म्हणत नाही. मेरीहिलला कालव्याजवळ दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. उंच, कान मोठे, एकटे असतात. आठवड्यातले चार दिवस कालव्याच्या दरवाज्यांवर व्हॉलंटिअर म्हणून काम करतात. परवापासून मीही करतोय. लांब लाकडी दांड्याला पाठ लावायची आणि मागे मागे चालत जायचं, की टनभर वजनाचा दरवाजा एखाद्या शहाण्या म्हशीसारखा हळूहळू वळतो. मला हे फार आवडलं. इतकं, की नंदू सामान उतरवून एकटाच परत गेला.

पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा मी फक्त म्हणालो, "मी सत्तावीस नंबरच्या सुचेताचा भाचा." त्यांनी मला आत घेतलं नाही, दारातच उभे राहिले. मग विचारलं, "ती आहे ना?"

"आहे. नाशिकला. ठणठणीत."

तेव्हा बाजूला झाले.

मी वही टेबलावर काढली. त्यांनी हात लावला नाही. दोन्ही हात मागे बांधून वाकून पाहिली, म्युझियममध्ये पाहतात तशी. मी पान उलटत होतो. तुझं पान आलं तसे ते खुर्चीत बसले आणि बोलले. इंग्रजीत बोलले, पण मी मराठीतच लिहितो, कारण मला ते मराठीतच लक्षात राहिलं.

"तिने कधी सांगितलं का, दरवाजा कशामुळे फुटला?"

"ती म्हणते माझं गणित बरोबर होतं. एवढंच म्हणते."

"बरोबरच होतं."

जून १९८६. वर्षाची मोठी चाचणी: हौदात पाणी, प्रत्येक नंबराचा सिनिअर दरवाजा कागदावर आखणार आणि त्याच नंबराचा ज्युनिअर तो बसवणार. तुझा कागद, त्यांचे हात. बिजागरीला पोलादी पिन घालायची होती, तू कागदावर लाल शाईने लिहिलं होतंस. खणात पोलादी पिन सापडेना. पितळी होती. स्टोअर नदीपलीकडे, चालत पंधरा मिनिटं. आणि त्या दिवशी, शनिवारी, वर्ल्ड कपचा सामना होता, फ्रान्स आणि ब्राझील. तो कँटीनच्या टीव्हीवर सुरू व्हायला दहा मिनिटं होती.

"मी पितळी घातली," ते म्हणाले. "मला वाटलं, एका दिवसापुरतं काय होतंय."

सोमवारी सगळ्या शाळेसमोर हौद भरला आणि दरवाजा गेला. पाणी प्राचार्यांच्या बुटांत. कोणीतरी मागून ओरडलं की तिकडे हिच्या गावाकडे नद्यांना दरवाजे नसतात वाटतं. सगळे हसले. लुकही हसले, कारण हसले नसते तर कोणी विचारलं असतं, तू का हसत नाहीस.

आत्या, मी त्यांच्यावर ओरडणार होतो. तोंड उघडलंही. पण मीही तुझं कपाट उघडून वही नेलेला माणूस, तेव्हा माझा आवाज फार चढला नाही. एवढंच विचारलं, "तिला पत्र का नाही लिहिलंत कधी?"

"पत्र एकटी ती वाचेल. हसले ते सगळे होते." मग वहीकडे बोट दाखवलं. "सप्टेंबरला ती वही द्यायला आली असती तर त्या वर्षीचं माझं पान हेच असतं. ती आलीच नाही. खरं सांगू? तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. पहिलं वर्षभर."

सगळ्यांनी तुला सांगितलं होतं ना, की दरवाज्याची चूक लिही आणि वही पुढे दे? आणि तू म्हणालीस, न केलेली चूक लिहिणार नाही. आणि दुसरी कुठली लिहिली असतीस तरी लोकांनी तीच वाचली असती. मला आत्ता कळतंय तू सामान बांधून का निघालीस. नाशिकला तीन आठवड्यांत तू मला दीडशे वर्षांचा इतिहास सांगितलास, फक्त त्यातला एक सोमवार सोडून.

कुश

ग्लासगो, ३० ऑगस्ट

आत्या,

तू कमाल आहेस.

ना 'प्रिय कुश', ना तारीख, ना सही. अर्ध्या पानावर गणित. दरवाज्याची उंची, पाण्याचा दाब, पिनेचा व्यास, आणि शेवटी दोन ओळी: 'पोलादी पिन: सुरक्षित. पितळी पिन: तुटेल.' 'तुटेल'खाली दोन रेघा. इतक्या जोरात की कागद मागून फुगलाय.

मी ते लुककाकांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, पाकिटाच्या पाठीवर स्वतः सगळं परत मांडलं. वीस मिनिटं. मी तोवर चहा केला, तो गार झाला, परत केला. शेवटी म्हणाले, "हौदातली पाण्याची उंची तिने साठ सेंटिमीटर धरली आहे."

"मग?"

"साठच होती. चाळीस वर्षं झाली, मुला." आणि तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. मी परत मागितला तर दिला नाही. तेव्हा आता तुझ्या भाच्याखेरीज दुसराही माणूस तुझी वस्तू न विचारता ठेवून घेतोय.

आता कामाचं बोलतो, आणि मी क्वचितच बोलतो तेव्हा नीट ऐक.

लुककाकांनी त्यांचं पान कच्चं लिहून ठेवलंय. मला वाचून दाखवलं: 'पोलादी पिन सापडली नाही म्हणून मी पितळी घातली, कारण सामना सुरू होत होता. दरवाजा माझ्यामुळे तुटला. तिचं गणित बरोबर होतं. मी गप्प राहिलो, ही दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी.' बस एवढंच. ४ ऑक्टोबरला तिथे त्या काळचे सगळे येणार आहेत, हसलेले सगळे. एकेक नंबर पुकारून वहीचं शेवटचं पान मोठ्याने वाचणार, मग ती काचेत. पुढे कायमचं कुलूप.

पण त्यांना त्यात लिहिता येत नाही, जोवर तुझं पान भरत नाही आणि वही तुझ्याकडून येत नाही. मी म्हणालो, घ्या, वही इथेच आहे, पेनही आहे, नाशिकला कोण बघतंय? त्यांनी पेन परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "तिचं पान कोरं ठेवून मी पुढे लिहिलं तर तिथे बसलेले काय समजतील?"

मला १९१४चं पान आठवलं. खरंच, काय समजतील! तू तिकडे सकाळी सहाला गोदाकाठी चालायला जाणार आणि इकडे शंभर माणसं तुझ्यासाठी उभी राहून शांतता पाळणार.

म्हणून लिही. दरवाज्याचं लिहू नकोस, ते पुढच्या पानावर येतंय, ज्याचं आहे त्याच्या सहीने. आता पहिल्यांदा तुला मोकळीक आहे, तुला हवी ती चूक लिही. खरी लिही. चौसष्ट वर्षांत एखादी तरी केली असशील. नसेलच तर माझ्याकडून घे, माझ्याकडे भरपूर आहेत.

वेगळ्या कागदावर लिहिलंस तरी चालेल, युद्धातल्यासारखं चिकटवू. आणि 'ही वही लुककडे देत आहे' असं लिही, म्हणजे मी फक्त हमाल. ते काम मला जमतं. कागद पोस्टाने मात्र येऊ नये. लुककाका यात फार कडक आहेत. तुझ्या हातून निघालेला कोणाच्या तरी हातात, आणि त्याच्या हातून इथे. कोणी येणारं असेल तर बघ. नाशिकचं कोणी ना कोणी सारखं इंग्लंडला येत असतं, द्राक्षंसुद्धा येतात.

एक गोष्ट पक्की सांगतो. तू नाही म्हणालीस तर वही मी लुककाकांना देणार नाही. तुला आणून देईन, स्वतः, तुझ्या हातात. या वेळी विचारल्याशिवाय काही नाही.

कुश

ग्लासगो, १ ऑक्टोबर, दुपार

आत्या,

तुझं उत्तर नाही. मोबाईलवर बघितलं, अजून ब्लॉकच. ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण मी चिडलेलो नाही.

लुककाका उद्या पहाटेच्या ट्रेनने निघतायत. आधी लंडन, तिथून पॅरिस, तिथून त्या गावाला. बॅग दारात आहे. त्यांनी सकाळपासून तीनदा तीच बॅग भरली. मी विचारलं, "वहीशिवाय जाणार?" म्हणाले, "सत्तावीस पुकारतील तेव्हा कोणीतरी हजर म्हणायला हवं."

आज खंडेनवमी, हे सकाळी आईच्या फोनमुळे कळलं. बाबा घरी नाहीत म्हणाली, महिनाभर पुण्याला, ऑफिसचं काम, आणि तिला एकटीला पुरणाचा घाट घालावासा वाटत नाही. मग मी इथे लुककाकांचे नट आवळायचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पट्टी असं सगळं टेबलावर मांडलं. मध्ये वही. झेंडूच्या ऐवजी खालच्या दुकानातली पिवळी शेवंती. त्यांनी विचारलं हे काय, मी सांगितलं की आज हत्यारांना सुट्टी. त्यांना ते फारच पटलं. म्हणाले, "वर्षातून एक दिवस! आमच्याकडे कोणाला सुचलं नाही." मग स्वतः कालव्याच्या दरवाज्याची किल्ली आणून ठेवली, हातभर लांब, लोखंडी. तिलाही कुंकू. कुंकू नव्हतं, हळदही नव्हती. तिखट लावलं. रागावू नकोस.

मी ठरवलंय. पुढच्या महिन्यात तिकीट काढून वही घेऊन नाशिकला येतो. काचेच्या कपाटात एक जागा रिकामी राहील. राहू दे. तुझी वही, तुझं पान, तुझं म्हणणं. मला वाटलं होतं मला फार वाईट वाटेल, पण नाही वाटत, कारण पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट मधेच सोडून पळालो नाही, शेवटपर्यंत बघितली आणि मग हात आवरला. इथलं कालव्याचं कामही सोडणार नाही. त्यांच्याकडे दरवाजे दुरुस्त करण्याचं दोन वर्षांचं ट्रेनिंग आहे, पगारी. लुककाका म्हणतात तुझं डोकं कागदावर चालत नाही, पण पाठ टेकवली की चालतं. मी फॉर्म भरलाय. बाबांना अजून सांगितलेलं

थांब, खालची बेल वाजली.

लुककाकांनी इंटरकॉम उचलला, ऐकलं, माझ्याकडे धरला. म्हणाले, "तुझ्या भाषेतलं कोणीतरी."

"हॅलो, हॅलो. रघुवीर बोलतोय. कुशचा फादर. हेच ना ते घर? इथे दोन दरवाजे आहेत."

आत्या, बाबा! माझे बाबा, ग्लासगोला, खाली! मी खिडकीतून बघितलं. पाठीला ऑफिसची सॅक, दुसऱ्या हातात तुझ्या गल्लीतल्या चिवडेवाल्याची पिशवी. म्हणजे पुणं नव्हतंच. तू बोललीस त्यांच्याशी? कधी? किती दिवस होते तुझ्याकडे?

आले वर. दम लागलाय. मला म्हणाले, "किती जिने रे हे," आणि हवामानावर काही बोलले नाहीत. दारातच बूट काढले. माझ्याकडे पिशवी दिली. सॅकमधून एक पाकीट काढलं, त्यावर तुझं अक्षर दिसलं, मी हात पुढे केला तर त्यांनी ते उंच धरलं. म्हणाले, "तुझ्याकडे नाही. ताईने बजावून सांगितलंय. आणि मी वाचलेलं नाही, काय लिहिलंय मला माहीत नाही. तिने लिहिताना मी समोर बसलो होतो, तीन दिवस लागले तिला."

लुककाका स्वयंपाकघरात हात धुऊन आलेत. टॉवेल सापडत नाही, शर्टालाच पुसतायत. बाबा दोन्ही हातांनी पाकीट पुढे धरून उभे आहेत आणि दोघांनाही कळत नाहीये आधी कोण बोलणार.

मी पेन ठेवतो. मला हे बघायचंय.